दूरध्वनीवरचे फेरीवाले

हाउसिंग सोसायटीच्या फाटकावर एक पाटी हमखास असते : ‘विक्रेते व फेरीवाले यांना आत येण्यास सक्त मनाई आहे.’ पाटीशेजारी वॉचमन बसलेला असतो. त्याची नजर चुकवून एखादा अगरबत्तीवाला जिना चढून आलाच, तरी दाराला साखळी असते. साखळी न काढता ‘आज नको’ म्हणता येते. दूरध्वनीवरून येणाऱ्या फेरीवाल्याला मात्र ना फाटक, ना वॉचमन, ना साखळी. तो थेट आपल्या खिशात येतो. तुम्ही देवपूजेला बसलेले असा, मुलाचा अभ्यास घेत असा की दुपारी जरा पाठ टेकलेली असो, घंटी वाजते आणि गोड आवाजात विचारणा होते, ‘सर, आपल्याला पर्सनल लोन हवं आहे का?’

माझी सारी नोकरी न्यायालयाच्या कचेरीत गेली. त्यामुळे मी कायदेपंडित झालो असे मुळीच नाही. पण सरकारी कागद कसा वाचावा एवढे तीस वर्षांच्या कारकुनीने शिकवले. निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता आणि दिवसाकाठी सात-आठ असल्या घंट्या होत्या. तेव्हा या उपद्रवावर कायद्याने काय तोड काढली आहे, ते एकदा बसून नीट वाचावे असे मी ठरवले. जे हाती लागले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

त्रास एवढाच नव्हे

कोणी म्हणेल, ‘अहो, एवढे काय मनावर घेता? नको म्हणायचे आणि ठेवून द्यायचे!’ मीही तसेच म्हटले असते. पण आमच्या वरच्या मजल्यावर घडलेली गोष्ट ऐका. तिथल्या वहिनींचे यजमान शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होते. आदली रात्र तिथे जागून वहिनी सकाळी घरी आल्या, आणि अर्ध्या तासात त्यांना तीन घंट्या आल्या : एक फ्लॅटची, एक विम्याची, एक क्रेडिट कार्डाची. जिवाला कंटाळलेल्या त्या माउलीसाठी मुलाने अनोळखी क्रमांकांची घंटीच वाजू नये अशी फोनमध्ये तजवीज करून दिली. दुपारी इस्पितळाने रक्ताच्या दोन बाटल्यांसाठी पाच वेळा फोन केला. इस्पितळाचा तो क्रमांकही फोनच्या लेखी अनोळखीच! सुदैवाने शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा भाऊ धावला आणि वेळ निभावली. यजमान आता बरे आहेत. पण त्या पाच घंट्या आठवल्या की वहिनींच्या डोळ्यांना आजही पाणी येते.

म्हणून मी म्हणतो, आपला वेळ जातो हे नुकसान त्यातल्या त्यात लहान. मोठे नुकसान हे, की घंटीवरचा आपला विश्वास उडतो. शिवाय विक्रेत्यांच्या या गर्दीतच भामटेही मिसळून येतात. दिवसाला आठ खोटी आमंत्रणे आली की नववे कोणाचे आहे, हे पारखण्याची ताकद म्हाताऱ्या माणसात उरत नाही.

कायदा कसकसा वाढला

हा प्रश्न काही कालपरवाचा नाही. २००५ साली एका वकिलाने याबाबत सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. पुढे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ज्याला आपण ‘ट्राय’ म्हणतो त्याने, २००७ साली नियम करून ‘मला फोन करू नका’ असे सांगणाऱ्या ग्राहकांची देशव्यापी नोंदवही उघडली. ती अपुरी पडली, म्हणून २०१० चे नवे विनियम आले आणि सप्टेंबर २०११ पासून अमलात आले. त्यानंतर २०१८ साली सारी रचना पुन्हा बदलली. कोणी कोणता संदेश पाठवावा, कोणत्या नावाने पाठवावा आणि ग्राहकाने संमती दिली आहे की नाही, याची सामाईक नोंद सर्व दूरध्वनी कंपन्यांनी ठेवावी असे ठरले. शेवटी १२ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याच नियमांत मोठी दुरुस्ती झाली आणि सामान्य माणसाच्या हाती पहिल्याने धार असलेले हत्यार आले. ते कसे चालवायचे, तेच पुढे सांगतो.

पहिली पायरी : आपली पाटी लावा

फाटकावरच्या पाटीसारखी एक पाटी आपल्या दूरध्वनीलाही लावता येते. तिचा क्रमांक १९०९. या क्रमांकावर फोन करा, किंवा इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ हा शब्द, मग थोडी जागा सोडून शून्याचा आकडा, असा संदेश पाठवा. म्हणजे जाहिरातीचे सर्व फोन व संदेश आपल्याला नकोत अशी नोंद होते. त्याला पैसा पडत नाही. नोंद केल्यापासून चोवीस तासांत ती लागू व्हावी असा २०१८ चा नियम आहे. आपल्या कंपनीच्या अॅपमधून किंवा ट्रायच्या ‘डीएनडी’ अॅपमधूनही हे काम होते.

सगळेच बंद करायचे नसेल तर निवडही करता येते. बँक-विमा, घरे-जमिनी, शिक्षण, आरोग्य, गृहोपयोगी वस्तू व मोटारी, दूरसंचार व करमणूक, प्रवास आणि खाद्यपदार्थ असे आठ वर्ग केलेले आहेत. आमच्या सौ.ना सहलींच्या जाहिराती वाचायला आवडतात. तेवढे एक दार त्यांनी उघडे ठेवले आणि बाकीची सात लावून घेतली. कोणत्या वारी आणि कोणत्या वेळी फोन चालेल, हेसुद्धा ठरवता येते.

ही पाटी लावली म्हणजे बँकेचा सांकेतिक आकडा किंवा रेल्वेच्या तिकिटाचा निरोप येणार नाही, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती व्यर्थ आहे. तुमच्याच व्यवहाराचे निरोप या बंदीत येत नाहीत. बंदी आहे ती जाहिरातीला.

दुसरी पायरी : क्रमांक ओळखायला शिका

पूर्वी टांग्याचा नंबर पाहून टांगा कुठल्या अड्ड्यावरचा हे जाणकार सांगत. तसेच आता घंटीचे आहे. जाहिरातीचा फोन रीतसर नोंदलेल्या विक्रेत्याने १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच करायचा. बँका, विमा कंपन्या वगैरेंनी तुमच्या खात्यासंबंधी जो फोन करायचा त्यासाठी १६०० ची मालिका ठेवली आहे. रिझर्व्ह बँकेनेही जानेवारी २०२५ मध्ये आपल्या अखत्यारीतल्या संस्थांना हाच भेद पाळायला सांगितले.

याचा अर्थ सरळ आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी कर्ज, फ्लॅट किंवा कार्ड विकू लागला, तर तो माल काय विकतो हा प्रश्न नंतरचा. त्याची विकण्याची रीतच नियमाबाहेरची आहे.

लेखी संदेशांचीही अशीच खूण आहे. २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावापुढे एक इंग्रजी अक्षर लागते. ‘पी’ असेल तर जाहिरात, ‘एस’ असेल तर सेवा, ‘टी’ असेल तर व्यवहार आणि ‘जी’ असेल तर सरकार. आमच्या नातवाने हे आजीला दोन मिनिटांत शिकवले. आता ती ‘पी’ दिसला की संदेश न वाचताच पुसून टाकते.

तिसरी पायरी : भांडू नका, टिपून घ्या

पाटी लावूनही फेरीवाला आला, तर? इथे बहुतेक लोक दोनपैकी एक करतात : चडफडत फोन आपटतात, नाहीतर पलीकडच्या पोराला चार शिव्या हासडतात. दोन्हीचा उपयोग शून्य. पलीकडे बसलेली मुलगी किंवा मुलगा तुमच्या-आमच्या घरातलाच असतो. दिवसाला इतके फोन केलेच पाहिजेत असे त्याच्या मानगुटीवर बसलेले असते, आणि तुमची शिवी त्याच्या मालकापर्यंत पोचत नाही. शिवाय बाईमाणसाशी अर्वाच्य बोलणे हा आपल्याच अंगाशी येणारा गुन्हा ठरू शकतो.

त्यापेक्षा कागद-पेन्सिल घ्या. माझा शिरस्ता असा आहे :

‘नमस्कार. बोला.’

‘सर, आपल्यासाठी एक उत्तम गृहप्रकल्प—’

‘ताई, कोणत्या कंपनीतर्फे बोलता आपण?’

ती नाव सांगते.

‘माझा नंबर आपल्याला कुठून मिळाला?’

इथे बहुधा थोडी शांतता पसरते. ‘सर, डेटामधून.’

‘मी १९०९ वर नोंद केलेली आहे. मला पुन्हा फोन करू नये, ही विनंती.’

एवढे बोलून मी फोन ठेवतो आणि वहीत चार गोष्टी लिहितो : ज्या क्रमांकावरून फोन आला तो क्रमांक, तारीख, वेळ आणि एका ओळीत विषय. हीच तक्रारीची सामग्री. ती १९०९ वर, कंपनीच्या अॅपवर किंवा ट्रायच्या अॅपवर द्यायची. पूर्वी तक्रारीला तीन दिवसांची मुदत होती, ती आता सात दिवसांची झाली आहे. तक्रारीचा साचाही पूर्वी किचकट असे. आता तुमचा क्रमांक, त्याचा क्रमांक, तारीख आणि थोडक्यात हकीगत एवढे पुरते. आणखी एक सवलत फार मोलाची. फोन करणारा नोंदणी नसलेला असेल, तर तुम्ही पाटी लावलेली नसली तरीसुद्धा तक्रार चालते. अशा तक्रारीवर दूरध्वनी कंपनीने पाच दिवसांत कारवाई करायची आहे. पूर्वी ही मुदत तीस दिवसांची होती.

पाचांमुखी परमेश्वर

आता या कायद्याचे खरे मर्म सांगतो. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याविरुद्ध मागील दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या ग्राहकांच्या तक्रारी आल्या, की कारवाईचा उंबरठा ओलांडला जातो. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. पहिल्या खेपेस त्याचे बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद होतात. पुन्हा तोच अपराध केला, तर सगळ्या कंपन्यांकडच्या त्याच्या सगळ्या जोडण्या एक वर्षासाठी तोडल्या जातात आणि त्याचे नाव काळ्या यादीत जाते. दूरध्वनी कंपनीने असल्या तक्रारींची संख्या चुकीची कळवली, तर तिलाही पहिल्या वेळी २ लाख, दुसऱ्या वेळी ५ लाख आणि पुढे दर वेळी १० लाख रुपयांचा भुर्दंड आहे.

आपल्याकडे ‘पाचांमुखी परमेश्वर’ म्हणतात. ट्रायने हा आकडा काही ती म्हण ऐकून ठरवला नसेल. पण लागू पडते खरी. एकट्याची तक्रार म्हणजे एक कागद. पाचांची तक्रार म्हणजे निकाल.

आमच्या इमारतीत आम्ही हे करून पाहिले. बिल्डर मंडळींकडे एखाद्या वस्तीचे क्रमांक गठ्ठ्याने असतात, त्यामुळे एकच क्रमांक तळमजल्यापासून गच्चीपर्यंत फिरतो. बायकांच्या भिशीत मी विषय काढला. ठरले असे, की कोणाला नको असलेला फोन आला तर तो क्रमांक जिन्याखालच्या फळ्यावर लिहायचा, आणि तोच क्रमांक ज्यांच्या ज्यांच्या फोनवर प्रत्यक्ष आला असेल त्यांनी आपापली तक्रार करायची. ज्याला फोन आला नाही त्याने उगीच करायची नाही. खोटी साक्ष मला कचेरीत चालत नव्हती, ती जिन्यातही चालणार नाही. पहिल्याच आठवड्यात एका क्रमांकावर सहा जणांनी तक्रार केली. त्या क्रमांकावरून पुन्हा फोन आला नाही. पंधरवड्याने तसलाच फ्लॅट घेऊन दुसरा क्रमांक आला. तोही फळ्यावर गेला. दिवसाच्या सात-आठ घंट्यांच्या जागी आता माझ्या वहीत आठवड्याला तीन-चार नोंदी होतात. उपद्रव संपला असे मी म्हणणार नाही. पण वरच्या वहिनींनी आपल्या फोनची घंटी पुन्हा सुरू केली आहे, हे मला पुरेसे वाटते.

नंबर देतो कोण? आपणच!

‘डेटामधून’ या उत्तराचा मी पुष्कळ विचार केला. हा ‘डेटा’ आकाशातून पडत नाही. प्रदर्शनात मोटार बक्षीस मिळणार म्हणून आपण चिठ्ठी भरतो. चप्पल घेतली तरी काउंटरवरचा मुलगा ‘मोबाइल नंबर?’ विचारतो, आणि आपण पाठ म्हटल्यासारखा घडाघडा सांगतो. अर्जाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘आमच्या योजनांची माहिती देण्यास माझी संमती आहे’ असे असते, त्यावर आपण बरोबरची खूण करतो. आणि कायदा असा, की तुम्ही स्पष्ट संमती दिली असेल तर त्या कंपनीपुरती तुमची १९०९ ची पाटी लटकी पडते.

पण दिलेली संमती परत घेता येते. जाहिरातीच्या संदेशातच ‘बंद करा’ म्हणण्याची सोय असली पाहिजे, आणि तुम्ही संमती काढून घेतल्यावर नव्वद दिवस त्या कंपनीने पुन्हा संमती मागायची नाही, असे २०२५ ची दुरुस्ती सांगते. शिवाय संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती परत घेणे सोपे असले पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून अठरा महिने ठेवले. तोवर निदान दिवाळीच्या खरेदीत ‘नंबर न देता बिल करा’ हे वाक्य म्हणायला शिकावे. मी म्हणून पाहिले आहे. बिल होते.

बँकेची गोष्ट वेगळी

न मागता क्रेडिट कार्ड पाठवणे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत निषिद्ध ठरवले. असे कार्ड माथी मारून वर आकारणी केलीच, तर ती रद्द करून, शिवाय तिच्या दुप्पट रक्कम ग्राहकाला द्यावी असा दंडक घातला. कर्जवसुली करणाऱ्या माणसांनी सकाळी ८ च्या आत आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, हेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बजावले. बँकेविरुद्ध तक्रार असेल तर आधी ती बँकेकडे लेखी द्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. या साऱ्यात लेखी पोच सांभाळून ठेवणे महत्त्वाचे. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

विक्रेता आणि भामटा

एक भेद मात्र घरातल्या थोरामोठ्यांना नक्की समजावून सांगा. विक्रेता आपल्याला काही विकू पाहतो. भामटा घाबरवतो किंवा लालूच दाखवतो. ‘तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार’, ‘तुमच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले’, ‘पोलिसांकडून बोलतो’ असल्या फोनसाठी १९०९ नव्हे. नंबर बंद करण्याची धमकी देणारे फोन ट्राय कधीच करीत नाही. संशयास्पद फोन कळवण्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ या स्थळावर मार्च २०२४ मध्ये ‘चक्षु’ नावाची सोय केली. आणि पैसे गेलेच असतील, तर लाजत बसू नये. त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा. गेलेली रक्कम वाटेत अडवता येण्याचा संभव पहिल्या तासात सर्वांत जास्त असतो.

व्हॉट्सअॅपवरून येणारे विक्रीचे फोन आणि निरोप या १९०९ च्या जाळ्यात सापडत नाहीत. तिथे तो क्रमांक अडवून त्याच अॅपमध्ये तक्रार करणे, एवढाच मार्ग आपल्या हाती आहे.

आपल्याकडे काय उणे?

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे १९९१ साली कायदा झाला, त्यात बेकायदा फोनपाठी ५०० डॉलर आणि जाणूनबुजून केला असेल तर १५०० डॉलरपर्यंत भरपाई मागण्यासाठी स्वतः ग्राहकालाच न्यायालयात जाता येते. भाचा म्हणतो, ‘मामा, तुम्ही इथे असता तर दुसरं पेन्शन सुरू झालं असतं!’ आपल्या विनियमांत तशी सोय नाही. विक्रेत्याचा फोन तुटतो, कंपनीला भुर्दंड पडतो, पण तक्रारदाराच्या हाती रुपयाही येत नाही. ती उणीव मला खरोखर वाटते. तक्रार करणाऱ्याला निदान तिचा निकाल काय लागला, हे साध्या मराठीत कळवावे, एवढी तरी अपेक्षा गैर नसावी. तरीही तिथल्या लोकांची घंट्यांपासून सुटका झालेली नाही, हेही भाचाच सांगतो. तेव्हा नुसत्या कायद्याने होत नाही. तो वापरणारा माणूस लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा आपला मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. इतका थोर शब्द आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कुठे बसवायचा, असे काहींना वाटेल. मला वाटते, दुपारची झोप मोडू नये आणि इस्पितळाची घंटी ऐकू यावी, या दोन साध्या गोष्टींत तो सगळा बसतो.

या दिवाळीत एवढे करा. एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहा : जाहिरात नको, १९०९, पैसे गेले, १९३०, १४० म्हणजे विक्री, १६०० म्हणजे बँक, तक्रार सात दिवसांत. तो पुठ्ठा कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगा. आईवडिलांचे फोन घेऊन त्यांच्या नावची नोंद तुम्हीच करून द्या. पाडव्याच्या ओवाळणीत तेवढी भर पडली तर त्यांना आनंदच होईल. आणि जिन्यातल्या आणखी चार बिऱ्हाडांना हा लेख वाचायला द्या. म्हणजे पाच होतील.